आपलीच भिंत

माझ्या बहिणीच्या नवऱ्याने मला फसवलं. धायरीतल्या माझ्या वर्कशॉपमधलं प्लेनर मशीन आता अख्खं बाहेर निघू शकत नाही, आणि ही व्यवस्था दाजींनी करून ठेवली आहे. नात्यातला माणूस म्हणून मी हे आजवर सौम्य शब्दांत सांगत आलो. आता नाही.

ज्यांनी प्लेनर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडाचा जड ठोकळा टेबलावर बांधायचा, टेबल पुढे-मागे सरकत राहतं आणि वरचं हत्यार प्रत्येक फेरीला ठोकळ्याची एक पातळ साल काढतं. बाकीचे भाग सुटे होतात. खालचं बेड मात्र एकाच ओतकामाचं, लांबलचक. ते मी एका बंद पडलेल्या कारखान्यातून घेतलं. मालकाचा भाव ऐकून मी दोनदा गेटबाहेर चालू लागलो आणि दोन्ही वेळा त्यानेच हाक मारली. घासाघीस मला येते. शाळा अर्धवट सोडून ताईकडे राहायला आलो, तेव्हापासून तेवढ्यावरच उभा आहे.

शेड दाजींची, मी भाड्याने घेतलेली. पुढे शटर आहे, पण समोरची गल्ली इतकी अरुंद की बेड तिथे वळणारच नव्हतं. मागे तेव्हा दाजींचं मोकळं वावर होतं आणि वावराच्या कडेला त्यांचं घर. शेडची मागची भिंत पाडली तरच मशीन आत येणार होतं.

"आणि उद्या बाहेर न्यायचं झालं तर?" मी दाजींना विचारलं.

"तर परत पाडू. भिंत आपलीच हाय की, पाव्हणं."

आयुष्यात एकही शब्द मी वाजवून बघितल्याशिवाय घेतला नाही. हा घेतला.

क्रेनने बेड वावरात उतरवलं. तिथून पुढे पाइपांवरून. मुकादमाची माणसं मागून पहारींनी रेटायची, आतून दोघं चेनपुलीने ओढायचे, मागे सुटलेला पाइप कुणीतरी धावत नेऊन पुढे घालायचा. भगदाडाच्या तोंडाशी येऊन बेड अडलं.

"आणखी थोड्या विटा काढाव्या लागतील," मुकादम म्हणाला.

"त्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत. ठरलंय ते ठरलंय."

"शेठ, विटा मी फुकट काढतो. तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा. माझी माणसं तुमच्या आवाजाला दचकतात आणि पहार निसटते."

ताई ओट्यावर चहाचं पातेलं घेऊन उभी होती. ती इतकी हसली की पातेलं खाली ठेवावं लागलं. मग बेड आत गेलं आणि ती कुंकवाचं बोट घेऊन आली. लोखंडावर कुंकू धरेना म्हणून तिने आधी पदराने ग्रीस पुसलं. ती साडी वाया गेली. मी नवी घेऊन दिली, ती तिने कधी नेसली नाही.

भिंत पुन्हा बांधली, पण तेवढ्या भागाला गिलावा केला नाही. कधीतरी पाडायचीच, तर कशाला? पांढऱ्या भिंतीत उघड्या विटांचा तो चौकोन वर्षानुवर्षं तसाच राहिला. खंडेनवमीला ताई मशीनला झेंडूची माळ घालायची आणि एक तोरण त्या चौकोनावर लावायची. "ह्येबी दारच हाय," म्हणायची. टेबलाच्या येण्याजाण्याचा आवाज तिच्या स्वयंपाकघरात जायचा. आवाज थांबला की ती चहा टाकायची. मला कधी हाक मारावी लागली नाही.

मग ती आजारी पडली. दिवसा मी वर्कशॉप बंद ठेवून दवाखान्यात तिच्या उशाशी बसायचो, रात्री दाजी. ते आले की मी लांबच्या माझ्या खोलीवर, मी आलो की ते घरी. "तुम्ही हितं बसा, मी जरा घरचं बघतो," असं म्हणून ते निघायचे. ताई मला रोज विचारायची, मशीन चालू आहे ना. मी हो म्हणायचो. एका दुपारी तिने माझा हात धरला. "दाजींशी भांडू नको," म्हणाली. "काहीबी झालं तरी."

बहिणी असं म्हणतातच, असं मला वाटलं.

दिवसकार्य गावाकडे झालं; तेराव्यानंतर परतून मी शटर उघडलं. विटांच्या चौकोनाच्या बरोबर मधोमध सिमेंटचा कॉलम उभा होता. दोन्ही बाजूंना आणखी दोन, आणि मागे जाऊन बघितलं तर वावरात ओळीने कितीतरी. घरचं बघतो म्हणजे हे बघत होते. मी, ज्याचा आवाज ऐकून माणसांच्या हातून पहारी निसटतात, तिच्या शब्दाखातर गप्प बसलो. वर मजले चढले, खोल्या झाल्या, आयटीतली मुलं भाड्याने राहायला आली. मग दाजींनी सांगितलं की वरच्यांना आवाजाचा त्रास होतो, शेड खाली करा.

मी वाघोलीला जागा बघितली आणि दाजींकडे गेलो.

"भिंत पाडायची आहे."

"आता? डोक्यावर तीन मजले हायेत, पाव्हणं."

"आपली आहे म्हणाला होतात."

"मग? आपलीच हाय. सातबारा बघा. दुसऱ्या कुणाचं नाव दिसतंय का?"

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी प्रेमाने बोलले.

त्याच मुकादमाला बोलावलं. त्याने कॉलमवर थाप मारली. "शेठ, मशीन न्यायचंय की बिल्डिंग?" मी टेप काढून शटरची रुंदी मोजायला लागलो, तेव्हा तो शरमला. गॅसकटरवाला बघून गेला आहे. बेडचे तुकडे होतील आणि ते शटरमधून आरामात जातील. काल मी टेबल रिकामंच चालवलं, मग थांबवलं आणि उगाच मागच्या भिंतीकडे बघत उभा राहिलो.

दाजी, लोखंडाचं मी बघून घेईन. मला एवढंच सांगा: दिवसा कॉलम भरून घेऊन रात्री तिच्या उशाशी येऊन बसत होतात, तेव्हा तिला हे सांगितलं होतंत का? सांगितलं असेल, तर शेवटच्या दिवसांत तिच्या छातीवर ते ओझं तुम्ही ठेवलंत. नसेल सांगितलं, तर तुमच्या त्या 'आपली'मध्ये तीसुद्धा नव्हती. दोन्हींतलं खरं कोणतं? सातबारा दाखवू नका. तोंडाने सांगा.