मोह वेचताना लागलेली आग

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घुग्घुसच्या घरी कपडे वाळत घालत होते. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. धानोऱ्याकडच्या तिच्या गावातून शेजारचे देवाजीभाऊ बोलत होते. "सकाळी चहा घेतला अन् बसल्या जागी गेली. गॅस मात्र रेग्युलेटरपासून बंद होता," म्हणाले. त्याचं मला काही नवल वाटलं नाही. रडू आलं ते नंतर, बसमध्ये… याला आता महिना होईल.

ती एकटीच राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मोहाची फुलं वेचायचे दिवस जवळ आले की घराभोवतीची चार हात जागा खरवडून काढायची, वाळकी काडी दिसू द्यायची नाही. छपराच्या कवेलूंवरचा पाला उतरवायचा, भाताच्या तणसाचा ढीग घरापासून लांब हलवायचा, अंगणात पाण्याचे दोन ड्रम आणि त्यांवर ओली पोती. चुलीवर पाणी मारून राख हाताने चाचपल्याशिवाय घर सोडायची नाही. मी गेले की माझीही शाळा घ्यायची. "पाहुनी म्हनून बसू नोको. आग लागली तं आधी काय उचलशीन, सांग."

"काही नाही. आधी आपण बाहेर पडायचं."

"अन् पेटी, दागिने?"

"जळू द्यायचे." एवढं वदवून घेतल्यावर ताट वाढायची. मला राग यायचा, खरं सांगते. गावातले तर हसायचेच. दुधानं तोंड पोळलं, आता ताकही फुंकून पिते, म्हणायचे.

तोंड पोळवणारी मी होते. पंधरा वर्षं झाली असतील. मोहाखाली पाल्याचा एवढा थर असतो की पडलेली फुलं दिसत नाहीत, म्हणून वेचण्याआधी पाला जाळतात. आमच्याकडे सगळेच जाळतात. बाईच्या घरामागे मोठा मोह होता. त्या दिवशी मला दुपारची बस गाठायची होती. मी पाला पेटवला, हिरव्या डहाळीनं झोडपून विझवला, म्हणजे विझला असं मला वाटलं, आणि निघाले. मग वारा सुटला. कुंपण पेटलं, तणस पेटलं, गोठा पेटला. गाय सोडवताना बाईचे दोन्ही हात भाजले आणि गाय काही वाचली नाही. लोकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, माह्याच चुलीतला निखारा उडला. हे मला चार दिवसांनी कळलं. मी गप्प राहिले.

त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही. पण चोराच्या मनात चांदणं… गावात कोणी नुसतं "कवा आली?" विचारलं तरी मी पदर सावरत पुढे निघायचे. हळूहळू जाणंच सोडलं. कधी मुलांची परीक्षा, कधी नवऱ्याची शिफ्ट, कारणांना काय तोटा. बाई फोनवर म्हणायची, "मोह पडून राह्यला, ये नं." बघते म्हणायचे मी.

बाईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिच्या घरी सगळे जमले होते. देवाजीभाऊ म्हणाले, "एकडाव चूक झाली बाईच्या हातून, मंग जलमभर जपली तिनं." मला ते ऐकवेना. मी उभी राहिले आणि म्हणाले, ती आग मी लावली होती. बाईची काही चूक नव्हती.

कोणी चकित झालं नाही. देवाजीभाऊंनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला. "माहीत हाय आमाले. निखाऱ्याची गोष्ट तुह्यासाठीच होती. तवाच घरोघरी फिरून सांगतलं होतं तिनं. म्हने, माह्या बहिनीले कोनी एक शब्द बोलाचा नाई. बोलान तं ते येनं सोडन."

सगळे गेल्यावर मी तिच्या खोलीत बसले. तिची खाट आत भिंतीशी होती. दुसरी खाट माझी, अगदी दाराला लागून, धुतलेली चादर घालून तयार. आग लागलीच तर आधी मी बाहेर पडावं म्हणून ती तिथं ठेवलेली. त्या पंधरा वर्षांत मी त्या खाटेवर चार रात्री झोपले.