एक रात्र कुणाच्याच घरी नाही

आमच्या घराण्यात प्रवास म्हणजे कुणाकडे तरी जाणं. गावाचं नाव कुणी घेत नसे. 'मावशीकडे', 'आत्याकडे', 'पुतणीच्या सासरी' अशीच आमची ठिकाणं. लग्नानंतर माझी बायको बरीच हिंडली होती, पण प्रत्येक वेळी पोचल्या पोचल्या पदर सावरून कुणाच्या तरी पाया पडायला आणि पहाटे त्या घरातल्या सगळ्यांच्या आधी उठायला. मी जुनी मोटरसायकल घेतली तेव्हा ती एकच म्हणाली, "एक रात्र कुणाच्याच घरी राहायचं नाही. एवढं करा."

साठ साल उलटून वर्षही झालं नव्हतं. मी यवतमाळच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. प्रवाशांची वर्णनं मी भरपूर वाचली होती आणि स्वतः अमरावतीच्या पलीकडे क्वचितच गेलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत मोटरसायकलवर हैदराबादपर्यंत जायचं, वाटेत तंबूत राहायचं, असं ठरलं. तंबू शाळेचा. स्नेहसंमेलनात नाटकातली पात्रं त्यात कपडे बदलत, त्यामुळे आत अजून पावडरचा वास होता.

आईची अट होती, आधी कळंबला चिंतामणीचं दर्शन. हैदराबाद दक्षिणेला, कळंब बरोबर उलट बाजूला. मी नकाशा काढला, आईने नारळ काढला. आम्ही कळंबला गेलो.

तिथलं देऊळ जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. दर्शन घेऊन वर आलो तर शेवटच्या पायरीशी माझी आत्या उभी.

"कुठं उतरले?"

"तंबूत राहणार आहोत, आत्या."

"तंबूत? काहून? मी मेली का?"

तंबू लागला, पण आत्याच्या अंगणात आणि शेजारणींना दाखवण्यापुरता. बायका एकेक करून आत जात, वाकून बाहेर येत आणि "हवा येते" एवढंच म्हणत. आम्ही माजघरात गाद्यांवर झोपलो. तंबूत आत्याची शेळी झोपली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा यवतमाळातूनच जावं लागलं. पानवाल्याने हात केला, "आले बी का हैदराबादहून?" मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "जोरात घ्या."

घाटंजीला माझा चुलतभाऊ शाळेच्या समितीवर होता. आत्याने कुणाकरवी तरी कळवलं असावं. गावात शिरताच मुलांनी रस्ता अडवला आणि आम्हाला झेंडूच्या माळा घालून शाळेच्या व्हरांड्यात बसवलं. अध्यक्ष कापसाचे मोठे व्यापारी होते. "या दांपत्याने दक्षिण दिग्विजयाचा संकल्प सोडला आहे," असं म्हणून त्यांनी मला प्राचीन यात्रिकांच्या रांगेत बसवलं आणि बायकोला सावित्री केलं. सावित्रीचा नवरा मेला होता हे त्यांच्या लक्षात नसावं, किंवा मोटरसायकल पाहून ते दूरचा विचार करत असावेत. आम्ही एव्हाना दक्षिणेला जेवढं गेलो होतो त्याच्या निम्म्याहून जास्त उत्तरेला जाऊन आलो होतो. मी हसू दाबून बायकोकडे पाहिलं. तिला हसू येत नव्हतं. ती उन्हाकडे बघत होती आणि साडीखाली तिचा पाय सारखा हलत होता. भाषण संपलं तोवर ऊन भिंतीवरून गेलं होतं. रात्री चुलतभावाच्या घरी राहिलो.

सकाळी सामान बांधताना तिने विचारलं, "पांढरकवड्याला कोण आहे?"

"मामा. लाकडाची वखार आहे त्यांची."

"त्यांना माहीत आहे?"

"एसटीच्या ड्रायव्हरजवळ निरोप गेलाय."

ती तंबूची दोरी गुंडाळत होती. ती तिने सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग होती. बाभळींच्या काट्यांना कापूस अडकला होता. गाडीमागे गाडी, आणि प्रत्येक गाडीमागे आम्ही. "काढा ना पुढे," ती म्हणे. पुढे काढलं की पुढे दुसरी गाडी. मीही वैतागलो होतो. सुट्टी नातेवाईकांत वाटली जात होती आणि त्या वाटपाला नाही म्हणायची आमच्यात रीत नव्हती.

मामा वखारीसमोर रस्त्याच्या मधोमध उभे होते. ट्रक थांबवावा तसे दोन्ही हात आडवे. मागे मामी ओवाळायचं तबक घेऊन. मी गाडी हळू केली.

"थांबू नका," मागून आवाज आला.

"अगं, मामा आहेत."

"दिसताहेत. म्हणूनच म्हणते."

मामांच्या डावीकडे एक बैलगाडी जाईल एवढी जागा होती. मी तिथून गाडी काढली. बायकोने माझ्या खांद्यावरचा हात सोडला आणि चालत्या गाडीवरून दोघांना नमस्कार केला. त्यात ती पडता पडता वाचली.

"अरे, कुठं चालले? वांगे चिरले नं बाप्पा!" मामा ओरडले.

पुढे दोन वर्षं मामा आमच्या घरी जेवले नाहीत. चहा घ्यायचे, आणि कप खाली ठेवताना "आमच्या दारावरून लोक निघून जाते" असं भिंतीला सांगायचे. हे सगळं होणार हे आम्हाला त्याच क्षणी ठाऊक होतं. तरी पैनगंगा येईपर्यंत मी गाडी थांबवली नाही.

नदीच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, दिवस बुडायच्या आत तंबू लावला. जवळच बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथली एक म्हातारी सरपणाचा भारा घेऊन चालली होती. ती थांबली. हातभर बांगड्या वाजवत तिने तंबूभोवती एक चक्कर मारली.

"काहून वं बाई, घर नाही का तुले?"

"आहे," बायको म्हणाली.

"मंग भांडून आले का?"

"नाही. सहज."

"सहज!" म्हातारी हसली. "आमचे बुढे असे पडत बैलं घेऊन. आता आमाले घरं झाले, अन् तुमी निंगाले बाहेर. चाल, भाकर खाऊन घे तांड्यावर."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही, आजी. आम्ही इथंच खातो."

कुणाच्या बोलावण्याला ती 'नाही' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. तिचा आवाजही जरा चोरटाच होता. म्हातारीने भारा डोक्यावर नीट केला. "बरं," म्हणाली आणि गेली.

बायको ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"रागावली नाही?"

"नाही."

"भाकर न खाताही?"

मी स्टो पेटवला. ती बसली, उठली, घट्टच असलेली दोरी पुन्हा ओढली, नदीपर्यंत जाऊन आली. "आता काय करायचं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय?"

मी खिचडी टाकली. ती खाऊन आम्ही आडवे झालो. "सकाळी मला उठवायचं नाही," तिने बजावलं.

पहाटे मला जाग आली तेव्हा तिचे डोळे उघडेच होते. तांड्यावर कोंबडे आरवत होते, तंबूचं कापड उजळत चाललं होतं. ती तोंडावर पांघरूण घेऊन, मुठी आवळून, ऊन अंगावर येईपर्यंत तशीच पडून राहिली.