बंड्याच्या पाठीवरचा लाल पंजा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. औंधाला यमाईपुढं हात जोडून उभी राहिले, तेव्हासुद्धा पाऊसपाण्याचं काहीबाही बोलून खाली उतरले. देवीला काय ठाऊक नसतं? असतं की. पण तोंडानं सांगणं वेगळं. तुम्ही बसलाच आहात तर ऐका. मध्ये उठू नका — उठलात तर मी पुन्हा सुरू करीन असं वाटत नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. मी रहिमतपुरात नवी सून. नवरा फौजेत, सासू आणि थोरली जाऊ शेतावर, आणि मी घरात रिकामी. अंगात खोड्या तर अशा, की आज ती तेव्हाची टवळी समोर आली तर आधी तिच्या कानाखाली वाजवीन. स्वतःला लय शहाणी समजायची.

आमचा बंड्या म्हणजे पांढराशुभ्र कुत्रा. शेजारच्या हुसेनचाचांचा शेरू त्याचा सख्खा भाऊ, एका वेताचे दोघं. चाचा कल्हई करायचे. भाता घेऊन बाजाराच्या गावांना फिरायचे, आणि नमाजाला जाताना लोकांची भांडी शेरूच्या भरवशावर टाकून जायचे. माणूस एकटा. घरात बोलायला शेरूच.

त्या साली कुत्री पिसाळली. दवंडी फिरली — आपापली कुत्री बांधून घाला, लस साताऱ्याहून येतीय, आली की टोचून घ्या. पिसाळलेलं कुत्रं ज्या कुत्र्याला चावेल, ते नगरपालिकेच्या हवाली करा. आणि अशा कुत्र्याची जखम, लाळ ज्यांच्या हाताला लागली असेल, त्यांनी साताऱ्याला जाऊन पोटात चौदा सुया घ्याव्यात. चौदा! मला बोटात काटा रुतला तरी मी गल्ली डोक्यावर घेणारी.

मग आला बेंदूर. बैलांची शिंगं रंगवून वाटीत हिंगूळ उरला. बाईसाहेबांना सुचलं, बैलांनाच का म्हणून? हात वाटीत बुडवला आणि बंड्याच्या पाठीवर पंजा उठवला. मग कुंपणावरून वाकून शेरूच्या पाठीवरही. चाचा हसले. म्हणाले, आमच्याबी दारात बैल आला म्हणायचा.

दुपारी बैलांची मिरवणूक निघाली. सासूबाईंनी बजावलं होतं, कडी लावून बस, बंड्याला सोडू नको. मी सोडला. का? नवं लुगडं नेसून, रंगवलेला कुत्रा शेजारी घेऊन दारात उभं राहायचं होतं. एवढ्यासाठी. पण सगळ्यांचे डोळे बैलांवर, आमच्याकडं कुणी वळूनही बघितलं नाही. गर्दी पुढं सरकली, गल्ली मोकळी झाली, आणि ओढ्याच्या अंगानं ते आलं — मान खाली, तोंडाला फेस. बंड्याच्या कमरेला धरलं, झटकलं, निघून गेलं.

मी त्याला ओढत आत नेलं. साबण लावून जखम धुतली, रगडून रगडून धुतली. दवंडीवाल्यानं तसंच सांगितलं होतं. जखमेबरोबर रंगही गेला. तेव्हा माझ्या मनात लबाडी नव्हती — का होती? पाठ तर चावलेली नव्हती. मग पाठ मी कशाला धुतली?

संध्याकाळी माणसं आली. पारावरच्या म्हाताऱ्या तात्यांनी लांबून बघितलं होतं. पांढरं कुत्रं, पाठीवर लाल पंजा. सगळ्यांच्या नजरा शेरूकडं गेल्या. चाचा म्हणत होते, तो बांधलेलाच होता, अंगावर जखम दाखवा. कुणीतरी म्हणालं, दावं सैल आहे, आणि केसांत ओरखडा काय दिसणार? मी बंड्यालाही रंगवलं होतं, हे बघितलेले एकटे चाचा. ते माझ्याकडं वळले.

"पोरी, तू दारातच हुतीस न्हवं? शेरू सुटला हुता का?"

बंड्या आमच्या गोठ्यात कडब्यामागं बांधलेला. त्याला बैलाचं शिंग लागलं, असं मी सासूबाईंना सांगून ठेवलेलं. माझे हात अजून साबणानं बुळबुळत होते. डोळ्यांपुढं सुई.

"मी न्हाई बघितलं, चाचा. मी आत हुते."

झालं. एवढंच. याला किती वेळ लागतो?

नगरपालिकेच्या माणसानं विषाचा लाडू आणला. शेरू परक्याच्या हातचं खायचा नाही. चाचांनी लाडू मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं भरवला. मी खिडकीला होते. बघितलं, पुरतं बघितलं.

मग त्या सुया चाचांनी घेतल्या. रोज एसटीनं साताऱ्याला जायचे आणि पोटाला हात धरून, वाकून परत यायचे. शेरू त्यांचे हात चाटायचा ना! आणि ज्या बाईचे हात खऱ्या जखमेत बुडाले होते, ती घरात बसून पाणी पीत होती. हो, पाणी. दिवसभर तांब्या घेऊन बसायची. घोट उतरतोय का बघायची — पिसाळलं की पाणी घशाखाली उतरत नाही म्हणतात. मग बंड्यापुढं ठेवायची, तो पितोय का बघायची. जावेचं तान्हं अंगणात रांगायचं, मी धावत जाऊन गोठ्याची कडी चाचपायची. पुन्हा तांब्या. नवरा नुकताच रजेवर येऊन गेलेला; सासूबाईंना वाटलं, सुनेला दिवस गेले. गल्लीत पेढे वाटायच्या बेतात होत्या. हसा, हसा. मीही हसते. तेव्हा मात्र बोलले नाही — त्या तान्ह्यासाठीसुद्धा नाही.

बंड्याला काही झालं नाही. मलाही नाही. नशीब, दुसरं काय! तो म्हातारा होऊन मेला.

चाचा दरसाल आमच्या भांड्यांना कल्हई करायला यायचे. बंड्याला भाकरीचा तुकडा टाकायचे, तुझ्या भावाचा वाटा म्हणायचे. शेरूविषयी मला कधी काही विचारलं नाही. एकदाच, परात चमकवता चमकवता, मान वर न करता म्हणाले,

"पोरी, तू लावलेला रंग त्याला लय शोभत हुता."

मी म्हटलं, "व्हय, चाचा."

आणि परात आत घेऊन गेले.