गोऱ्या लिफ्टवाला

पाच भावंडांत हाच एक उजळ निघाला, म्हणून घरात त्याला गोऱ्या म्हणायला लागले ते कायमचंच. शाळेत गोऱ्या, गल्लीत गोऱ्या, पुढे लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला तर तिथेही गोऱ्या. काटक होता, हाताला गुण होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण लोकांनी धरलं ते कातडीला. लग्न जमताना मुलीच्या मामाने तिच्या घरी येऊन दोनच गोष्टी सांगितल्या. ‘मुलगा कमावता आहे, आणि गोरा आहे.’ मुलगी सावळी होती. तिच्या आईने लहानपणापासून तिच्या तोंडाला साय चोळून चोळून हात दुखवून घेतले होते, पण रंग काही हलला नाही. लग्नात आत्या-काकवांनी तिच्या कानाशी लागून सांगितलं, ‘नशीब काढलंस हो पोरी!’ गोऱ्याला यात वावगं काही वाटलं नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीची चौकशी कोण करत बसतो?

लग्नानंतर वर्षभरात तो पहिल्यांदा परदेशी गेला, उन्हाच्या देशात. काचेच्या उंचच उंच इमारती, खाली वाळू, आणि कामगारांना राहायला पत्र्याच्या खोल्या. तिथे पगार पासपोर्ट बघून ठरायचा. लिफ्टच्या एकाच शाफ्टमध्ये, एकाच दोराला धरून चौघे काम करत असले तरी चौघांचे पगार चार. गोऱ्याने एकदा मुकादमाला विचारलं, “साहेब, काम तर तेच आहे ना?”

मुकादम अजिबात चिडला नाही. म्हणाला, “काम तेच आहे. पण तुमच्या लोकांना एवढाच असतो.” भाजीवाल्याने भाव सांगावा तसं सांगितलं आणि पुढे गेला.

तिथलं सगळं असं उघड होतं. कुणी कुठे बसायचं, कुणी कुठल्या नळाचं पाणी प्यायचं, सगळं ठरलेलं. गोऱ्या मधल्या पायरीवर होता. त्याच्या खाली आणखी लोक होते, आणि ते आपल्यानंतर जेवायला बसतात याचं त्याला, खरं सांगायचं तर, थोडं बरंच वाटायचं. लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत तो तिच्यातून खालीवर करायचा. काम झालं, लिफ्ट मालकाच्या ताब्यात दिली, की मग हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन जिन्याने उतरायचं. तीसेक मजले. त्याने नुकतीच दुरुस्त केलेली लिफ्ट शेजारून सुळकन खाली जाताना त्याला भिंतीतून ऐकू यायची.

एकदा तो आत उभा राहून दार तपासत होता, तेव्हा एका मजल्यावर एक बाई लहान मुलाला घेऊन उभी होती. मूल आत डोकावलं आणि म्हणालं, “आई, आत कुणीतरी आहे.” बाई म्हणाली, “असू दे, ते काम करतंय.” गोऱ्याला एव्हाना त्यांची भाषा कळायला लागली होती. ‘तो’ नाही, ‘ते’. यंत्राला म्हणावं तसं. खोलीवर आल्यावर त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले. तोही हसला.

तिथे काही वर्षं काढून तो दुसऱ्या देशात गेला. हा थंडीचा. इथे बायको आणि चार वर्षांची लेक दोघी बरोबर आल्या. कंपनीने पहिल्याच दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवून समजावलं, की इथे सगळे सारखे, रंगावरून कुणी कुणाला बोलायचं नाही, बोललं तर नोकरी जाईल. भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचं मोठं चित्र होतं. गोऱ्याला वाटलं, सुटलो बाबा.

पण एक गंमत झाली. विमानात बसला तेव्हा तो गोरा होता, उतरला तेव्हा काळा. तोच माणूस, तीच कातडी. इथे त्याला ‘काळा’ मात्र कुणी म्हणत नसे, कुणी काहीच म्हणत नसे. एका जुन्या इमारतीत कुत्रं घेतलेल्या एका म्हातारीसाठी त्याने लिफ्टचं दार धरून ठेवलं. ती गोड हसली. म्हणाली, “तुम्ही जा हो, मी पुढच्या लिफ्टने येते.” गोऱ्या वर गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं, त्या इमारतीत लिफ्ट एकच होती.

असं व्हायचं. गिऱ्हाइकं कंपनीला फोन करून दुसरा माणूस मागायची, साहेब गोऱ्याला सांगायचा, “मशीनरूमच्या कामाला तुझा हात धरणारा कुणी नाही. तूच वर जा.” म्हणजे गच्चीवर, जिथे माणसं भेटत नाहीत. कौतुक करून करून त्याला वर्षानुवर्षं गच्चीवर ठेवलं. त्याच्याच हाताखाली शिकलेला एक जण त्याचा साहेब झाला, तेव्हा ऑफिसात केक कापला. गोऱ्याने टाळ्या वाजवल्या. केक चांगला होता.

त्या गच्च्यांवर त्याला जोडीदार मिळाला तो लंबू. लंबू तिसऱ्याच मुलखातला, ताडमाड उंच, रंगाने तव्यासारखा काळा. मशीनरूमच्या दारातून वाकून यायचा तरी डोकं आपटायचा. दोघे त्या थंड देशाची भाषा मोडूनतोडून बोलायचे, आणि दोघांचं मोडणं सारखंच असल्यामुळे त्यांना एकमेकांचं सगळं कळायचं. एकदा लंबूने विचारलं, “तुझी बायको तुला फोनवर गोऱ्या गोऱ्या म्हणून चिडवते, ते काय?”

गोऱ्याने अर्थ सांगितला.

लंबूने त्याच्याकडे बघितलं, मग स्वतःकडे बघितलं, आणि तो जो हसत सुटला तो खालीच बसला. डोळे पुसत म्हणाला, “तू गोरा? मग तुमच्या गावात मला काय म्हणतील?”

“तुला बघून पोरं पळतील.”

“आणि माझ्या गावात विचारशील तर,” लंबू म्हणाला, “आमच्याकडे सगळेच काळे. रंगावरून भांडायची सोयच नाही. म्हणून आम्ही नाकावरून भांडतो. नदीच्या त्या बाजूच्यांचं नाक वेगळं. माझ्या आजोबांनी त्यांच्या घरचं पाणी कधी पिऊ दिलं नाही.” मग म्हणाला, “आमची नाकं बघून इथे कुणी ओळखेल काय? इथे नदीच्या दोन्ही बाजूंचे आम्ही एकच.”

घरोघरी मातीच्या चुली, असं गोऱ्याच्या मनात आलं. पण ते त्या भाषेत कसं सांगायचं हे त्याला सुचलं नाही. त्याने नुसता चहाचा पेला पुढे केला.

पहिल्या वर्षांत तो संध्याकाळी घरी येऊन बायकोला सगळं सांगायचा. कोण काय म्हणालं, कुणी कसं बघितलं. मग थोडंच सांगायला लागला. मग सांगेनासा झाला, आणि आपण सांगत नाही हेही त्याच्या ध्यानातून गेलं. लेक शाळेतून आली, म्हणाली, “बाबा, एक मुलगी माझा हात घासून बघत होती, रंग निघतो का म्हणून.” तो म्हणाला, “अंगाला लावून घ्यायचं नाही.” एवढंच. लेक पुढे कधी काही घेऊन आली, की उत्तर तेच. शेवटी तिनेही विचारणं सोडलं. तिचं बालपण गेलं ते लंबूच्या मुलाबरोबर. दोन्ही घरं सुट्टीच्या दिवशी एकत्र जेवायची. त्या पोराच्या फुटलेल्या गुडघ्यांवर गोऱ्याच्या बायकोने कितीदा हळद लावली असेल, देव जाणे. तो तिला मावशी म्हणायचा, लेकीने शिकवलं होतं म्हणून.

वीस-बावीस वर्षांनी गोऱ्या आणि बायको परत आले. लेक तिकडेच राहिली, नोकरीला लागली. इथे त्यांनी एका नव्या इमारतीत घर घेतलं. संगमरवरी जिना, खाली रखवालदार, दोन लिफ्टा. एक पुढची, आरशाची. एक मागची, पत्र्याची, जी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उघडते. सोसायटीत कळलं, की काका लिफ्टमधले जाणकार आहेत. सेक्रेटरी घरी आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, “काका, पुढच्या लिफ्टला कार्डाचं कुलूप बसवायचं आहे. रहिवाशांनाच कार्ड. कामवाल्या बायका, सामान पोचवणारे, रंगारी-बिंगारी सगळे मागच्या लिफ्टने. गर्दी फार होते हो. तुम्ही घरचेच. कराल ना?”

गोऱ्याने एका सकाळीत ते काम उरकलं. वायर ओढली, यंत्र बसवलं, कार्ड लावून बघितलं. हिरवा दिवा लागला. सेक्रेटरीने पेढ्यांचा पुडा दिला. भांडी घासायला येणारी ताई दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने आली, एवढाच काय तो फरक.

आणि मग एक दिवस लेकीचा फोन आला. नोंदणी करून लग्न केलं होतं. कुणाशी, तर लंबूच्या मुलाशी.

बायको पलंगावर बसली ती उठेना. “काळा आहे हो तो,” ती म्हणाली.

“लंबूचा मुलगा आहे,” गोऱ्या म्हणाला. “अर्धा आपल्याच घरी वाढलाय.”

“मला माहीत नाही का? मीच भरवलंय त्याला. पण लहानपणचं वेगळं. आता लोक काय म्हणतील? उद्या पोरं कशी होतील?” मग तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि पदराखाली घेतला. “माझ्या आईने किती साय चोळली मला.”

गोऱ्या चहा टाकायला आत गेला.

चार-पाच महिन्यांनी दोघं भेटायला आली. टळटळीत दुपार होती. लेक रखवालदाराच्या वहीत नाव लिहायला थांबली. जावई दोन्ही हातांत बॅगा घेऊन पुढे झाला, तर रखवालदाराने त्याला हाताने मागची वाट दाखवली. तो निमूट तिकडे गेला. वर येऊन त्याने मागच्या दाराची कडी वाजवली. बायको पोळ्या लाटत होती. तिने पिठाच्या हाताने दार अर्धं उघडलं. दारात उंच, काळा, दाढीवाला माणूस, पुढ्यात मोठाल्या बॅगा. तो शिकायला परगावी गेला, त्यानंतर इतक्या वर्षांत तिने त्याला बघितलंच नव्हतं.

“सामान खाली ठेव आणि सहीला पुढच्या दाराशी जा,” ती म्हणाली.

त्याने बॅगा खाली ठेवल्या. म्हणाला, “मावशी, मी.”

मराठी, आणि तो आवाज. बायकोचं लाटणं हातातच राहिलं. गोऱ्या बाहेरच्या खोलीतून आला तोवर ती तशीच उभी होती, आणि जावई तिला समजावत होता, तिचीच चूक आपल्या अंगावर घेऊन, की मला वाटलं इथे सगळे असेच येतात.

पुढच्या दाराने लेक आली ती संतापून. रखवालदाराला चार शब्द सुनावून आली होती. तो बिचारा म्हणाला होता, ‘ताई, मला सांगितलंय तसं मी करतो.’ पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, “बाबा, ते कार्डाचं यंत्र कुणी बसवलं?”

“मी.”

“तुम्ही?”

“सेक्रेटरी म्हणाले, बसवा.”

“आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

हे तिने भांडायला विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. म्हणून गोऱ्यानेही खरंच आठवून बघितलं. ती सकाळ, ती वायर, तो हिरवा दिवा. मग आणखी मागे गेला, ती म्हातारी, तो केक, ते ‘काम करतंय’. सगळं दिसत होतं, चित्रासारखं. पण त्यातलं काही बोचत नव्हतं.

“नाही गं,” तो म्हणाला. “काही वाटलं नाही.”

लेकीने मान फिरवली. जावयाने विषय बदलावा म्हणून हसून सांगितलं, “आमचे बाबा म्हणतात, नव्या देशात गेलं की पहिल्या दिवशीच विचारून घ्यावं, आपलं दार कुठलं. मी विचारायला विसरलो.” कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोऱ्या सेक्रेटरीकडे गेला. सेक्रेटरीने हकिगत ऐकून कपाळाला हात लावला. “अहो काका, तुमचे जावई म्हणजे आमचेच जावई! लगेच कार्ड देतो. रखवालदाराला झापतो.” त्याने खणातून नवं कार्ड काढलं.

“आणि बाकीच्यांचं?” गोऱ्याने विचारलं. “कामवाल्या बायका वगैरे?”

“ते वेगळं, काका.”

“हं,” गोऱ्या म्हणाला आणि कार्ड खिशात टाकून वर आला.

पंधरा दिवसांसाठी आलेली दोघं आठव्या दिवशी गेली. लेकीने कामाचं कारण सांगितलं. तेवढ्या दिवसांत बायकोने जावयाला वाढून वाढून बेजार केलं, पण वाढताना त्याच्या ताटाकडे बघायची, तोंडाकडे नाही. शेजारणींना सांगताना ‘तिकडे इंजिनिअर आहे’ हे आधी सांगायची, मग बाकीचं. निघताना मात्र तो पाया पडायला वाकला, तेव्हा तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गाडी गेल्यावर ती म्हणाली, “मुलगा गुणी आहे. रंगाचं काय, सवय होते.”

“होते,” गोऱ्या म्हणाला.

महिन्याभरात ते कार्डाचं यंत्र बिघडलं. सेक्रेटरी पुन्हा आला. गोऱ्या म्हणाला, “कंपनीला बोलवा. माझ्या डोळ्यांना आता बारीक वायर दिसत नाही.” डोळ्यांना काही झालं नव्हतं. आपण असं का सांगितलं, याचा त्याने नंतर फारसा विचार केला नाही. कंपनीचा माणूस आला, यंत्र सुरू झालं.

त्या सुमारास लंबूचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विचारलं, “तुमच्या लोकांनी माझ्या पोराला नीट वागवलं ना?”

“नीट वागवलं.”

लंबू मग म्हणाला, “खोटं बोलतोस. पोराने सांगितलंय मला सगळं.”

 गोऱ्या फोन कानाला धरून उभा राहिला. लंबूनेही फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “माझा गुडघा फार दुखतोय रे. जिना चढवत नाही.”

“शेकत जा,” गोऱ्या म्हणाला. “गरम पाण्याच्या पिशवीने.”

“बघतो.”

फोन ठेवल्यावर बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, “काय म्हणाले व्याही?”

“गुडघा दुखतोय म्हणाला,” गोऱ्या म्हणाला आणि खिडकीशी जाऊन बसला.