सारवलेल्यावर सारवण

सायखेड्यातलं आमचं पेशवेकाळातलं घर आता एका हॉटेलवाल्याकडे आहे. दाराशी त्याने मालकांच्या नावांची पाटी लावलीय. आधी इनामदार, मग थेट तो. मधे आम्ही राहिलो, त्याचा पत्ताच नाही.

आत गेलो तर ताज्या सारवणाचा वास आला, आणि आणीबाणी उठली त्या वर्षीचं नवरात्र आठवलं.

माझे वडील, दादा, एकलहऱ्याला थर्मल वीजकेंद्रात होते. त्या पगारावर त्यांनी हे घर घेतलं. विकताना इनामदारांनी एकच अट घातली होती: त्यांच्या देवीचा घट दरवर्षी इथल्याच देवघरात बसेल. आम्ही बौद्ध, आम्हाला त्या देवीचं काय! तरी आईने पहाटे उठून ती खोली सारवली.

इनामदारकाकू आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. बरोबरच्या बाईला म्हणाल्या, "आधी सारवून घे गं."

"आत्ताच सारवलंय मी. ओलं हाय अजून," आई म्हणाली.

"असू दे. आमचं आम्ही करतो."

आईच्या ओल्या सारवणावर त्या बाईने पुन्हा सारवलं. आई शेणाचे हात तसेच धरून बघत राहिली. मला वाटलं, काकू किती टापटिपीच्या! पुढे दरवर्षी हेच. आई सारवायची, त्यावर त्या सारवून घ्यायच्या.

"काका, चपला काढा," त्याच देवघराच्या दाराशी हॉटेलचा माणूस म्हणाला. "इनामदारांच्या हातची जमीन आहे. थरावर थर बसलेत."

मी काढल्या. त्यातला एकाआड एक थर माझ्या आईचा आहे.