वंदनेपुरती टिकणारी पट्टी

मोठमाय गेल्याचा निरोप मला दुर्गला, कॉलेजच्या फाटकाशी मिळाला. चुलतभाऊ सायकल धरून उभा होता. "चाल," एवढंच म्हणाला... मोठमाय म्हणजे वडिलांची मोठी वहिनी. मला कॉलेजात घालायचा हट्ट घरात तिनेच धरला. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं म्हणतात. मला ते जमेल असं वाटत नाही.

तिच्या डाव्या पायावर, घोट्याच्या वर, फुगलेल्या शिरांमुळे झालेली जखम होती. वर्षानुवर्षं न भरणारी, सतत पाझरणारी. दवाखान्यातून मिळणारी जाळीची पातळ पट्टी पोळ्या होईस्तोवर भिजून जायची. घरात त्याचं काही अडत नव्हतं. अडायचं रविवारी. आमच्या वसाहतीच्या सेक्टरातल्या बुद्धविहारात बायका पांढऱ्या साड्या नेसून दरीवर, म्हणजे सतरंजीवर, मांडी घालून बसतात आणि वंदना सांगायला पुढे मोठमायच असायची. एकदा दरीवर तिच्या पायाचा पिवळट डाग उमटला. पुढच्या रविवारी दाराजवळ, चपलांच्या बाजूला, खुर्ची ठेवलेली. "काकू, तुमाले खाली बसाले तरास होते," शेजारच्या कमलताई मऊ आवाजात म्हणाल्या.

मोठमाय खुर्चीवर बसली नाही, तशीच घरी परतली. मला म्हणाली, "वंदना होईस्तोवर टिकन अशी पट्टी पाह्य."

मग आम्ही दोघी त्याच मागे लागलो. नुसता कापूस ठेवला तर तंतू जखमेला चिकटायचे, काढताना ती दात आवळायची. कापडाच्या जाड घड्या वरून कोरड्या राहायच्या आणि कडेने ओघळ यायचा. शेवटी ड्रेसिंगच्या सिस्टरांनी सुचवलं, आधी न चिकटणारी तेलकट जाळी, तिच्यावर कापूस भरलेला जाड पॅड, जखमेपेक्षा मोठा. मांडी घातली की पाणी टाचेकडे उतरतं, म्हणून पॅड त्या बाजूला जास्त सोडायचा, हे आम्हाला चुकत चुकत कळलं. मोठमाय पांढऱ्या चादरीवर बसून सगळी वंदना हळू आवाजात म्हणायची, मग उठून खाली बघायची. एके दिवशी चादर स्वच्छ निघाली. "आता पुढं बसतो," म्हणाली आणि हसली.

त्या रविवारी ती पुढच्या रांगेत बसली. तिने सुरुवात केली आणि दोन्हीकडच्या बाया पदर सावरल्यासारखं करून हळूच सरकल्या... तिच्याभोवती दरीचा मोकळा तुकडा राहिला. तिने वंदना पूर्ण सांगितली. बाहेरच्या कोणी आपल्याला दूर बसवलं तर काय बोलायचं, ते आम्हाला लहानपणापासून शिकवलं होतं. आपल्याच बाया सरकल्या तर काय बोलायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं.

घरी येऊन तिने पट्टी सोडली. "पाह्य, वरून कोरडी हाय. मंग बाया कावून सरकल्या?"

नंतर ती विहारात गेली नाही. रविवारी पट्टी तशीच नीट बांधून, पांढरी साडी नेसून घरीच बसायची. पुढे पाय सुजला, ताप चढला, तो उतरलाच नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या नावाने ठेवलेल्या वंदनेला, विहार भरून गेलं. मोठमाय सगळ्यांची माय होती, असं बोलणारे बोलले. कमलताई रडल्या. खोटं रडल्या असं मी म्हणणार नाही.

परवा त्या घरी आल्या. सासू अंथरुणाला खिळली आहे, पाठीला जखम झाली आहे. मोठमायचे उरलेले पॅड मिळतील का, असं त्यांनी विचारलं. तिच्या खोलीतल्या फळीवर ते तिने रचले तसेच होते. मी काढून दिले, कसे लावायचे तेही सांगितलं. त्या दारात थांबल्या.

"यानं डाग तं नाई पडत ना?"

"नाई पडत," मी म्हटलं. "मोठमायनं बसून पाह्यलं होतं."