नगरहून आलेली बांगडीवाली

सन चव्वेचाळीस असेल. मी पुणतांब्यात नवी सून होते. आमच्या दारावर एक बांगडीवाली यायची. कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढलेला. तपासणीला नगरला गेली, की डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारायची आणि परत आल्यावर, सिनेमा बघून आल्यासारखी रंगात येऊन, बांगड्या भरता भरता आम्हाला सांगायची.

त्या दिवशी म्हणाली, “गाठ दुखत न्हाई म्हनून गप बसू नगा. न्हाताना चाचपून बगत जा. माजी येळंवर घावली, म्हनून मी हाय.”

“काय हे बोलणं,” म्हणत सासूबाईंनी हात ओढला. तिनं मनगट घट्ट धरलं आणि सगळं ऐकवूनच सोडलं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत माझ्या नव्या बांगड्या बराच वेळ किणकिणल्या. माझ्यानंतर सासूबाई आत गेल्या. मी दाराशी कान देऊन उभी राहिले. त्यांच्याही वाजू लागल्या.